सोळा आण्यांचं रान

सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा एक रकाना असतो. काही रुपये आणि वर काही पैसे. एवढीशी रक्कम पाहून कोणी त्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही. पण या आकड्यामागे कुदळ आहे. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीचं काम सुरू केलं, त्याचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यातही त्याच धर्तीवर रानांची प्रतबंदी झाली. सारा बसवायचा तर रान कसं आहे ते कळायला हवं, आणि ते बांधावर उभं राहून कळत नाही. म्हणून माणसं खड्डे खणत गेली.

पद्धत साधी होती. माती तीन जातींत वाटलेली: काळी किंवा गडद तपकिरी, बारीक पोताची, मग थोडी भरड, बहुधा तांबडी, आणि शेवटी खड्याची, मुरमाड. मग खोली बघायची. काळी माती पावणेदोन हात खोल लागली, म्हणजे साधारण ८० सेंटीमीटर, की तिला सोळा आणे. खोली पाव हातानं कमी झाली की चौदा, आणखी कमी की बारा, असं उतरत शेवटच्या नवव्या प्रतीला दोन आणे. तांबडी कितीही खोल असली तरी तिची सुरुवात चौदा आण्यांपासून, आणि मुरमाडीला सहा आण्यांच्या वर चढायची मुभाच नव्हती. त्यानंतर दोष. चुनखड, वाळू, उतार, माती बांधून न राहणं, पाणी आत न शिरणं, ओढ्याचं पाणी वरून वाहून जाणं, उमाळे फुटून रान पाणथळ होणं. जितके दोष, तितक्या प्रती खाली.

या सात दोषांपैकी तीन सरळ पाण्याचे आहेत. खोली तरी कशासाठी मोजायची? खोल माती पाणी साठवते म्हणून. विंगेटच्या माणसांना सारा हवा होता, पण त्यांनी बोट अगदी नेमक्या जागी ठेवलं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कुठलं रान कशाला चांगलं, हा प्रश्न शेवटी ते रान पाण्याशी कसं वागतं इथंच येऊन थांबतो. गडबड एवढीच झाली की सोळा आणे आणि दोन आणे हे आकडे आपल्या डोक्यात कायमचे बसले, आणि मुरमाड-तांबडीवाले गरीब, काळीवाले सावकार, असं समीकरण होऊन गेलं.

नकाशा पश्चिमेकडून बघायला घेऊ. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या रानात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो साधारण १२००-१३०० वर येतो. पूर्वेला अथणीत ६०० सुद्धा नशिबानं. एकाच जिल्ह्यात, काही तासांच्या एसटी प्रवासात हा उतार. बहुतेक उत्तर भागात खाली खडक एकच, दख्खनचा काळा पाषाण. पण तोच पाषाण जांबोटीकडं जांभा झाला आणि अथणीकडं काळी माती झाला. पश्चिमेला पावसानं दगडातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियम तेवढं मागं ठेवलं. पूर्वेला पाऊस कमी, म्हणून चुना मातीतच राहिला. काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे खडे त्याचेच. धुपाई अगदी टोकाला गेली की जांभ्याचं बॉक्साइट होतं. चंदगडच्या डोंगरमाथ्यावर ते सापडलं, आणि बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला तो त्याच्याच जोरावर.

चंदगडचं नाव आलं म्हणून सांगतो. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो तेवढा उचलून कोल्हापूरला जोडला. सीमेची रेघ बेळगुंदी, उचगाव, तुरमुरी, कुद्रेमनी या गावांच्या पलीकडून गेली; माती दोन्हीकडं तीच तांबडी, पाऊस तोच, आणि पीकही तेच: रताळी.

या तांबड्या रानाला जुन्या प्रतबंदीत फारसे आणे मिळाले नसते. माती आम्ल, चुना नाही, वरून टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि मुळाला मिळत नाही. पण ती भुसभुशीत आहे आणि तिच्यात पाणी थांबत नाही. पावसाळ्यात सऱ्या पाडून रताळ्याचे वेल लावायचे, मुसळधार पाऊस झाला तरी सरीतलं पाणी निघून जातं आणि कंद कुजत नाही. जमीन मोकळी असल्यानं तो सरळ फुगतो. काढताना तुटत नाही, धुतला की लालबुंद दिसतो. नवरात्राच्या उपासांना दिल्ली-मुंबईच्या बाजारात बेळगावची रताळी जातात ती या मातीमुळं. हेच वेल चिकण काळ्या रानात लावून बघा, वाकडेतिकडे, चिखलानं माखलेले कंद निघतील. बटाट्याचंही तसंच. खरीप बटाटा या पट्ट्यातलं जुनं नगदी पीक, आणि जमिनीची आम्लता, जी भल्याभल्या पिकांना नडते, ती बटाट्याच्या सालीवर खवले पडणाऱ्या रोगाला आवर घालते. या रानाला खत घालताना मात्र डोकं चालवावं लागतं. शेणखत भरपूर, अधूनमधून चुना, आणि स्फुरदासाठी स्वस्तातला रॉक फॉस्फेटही चालतो. तो विरघळायला आम्लच लागतं. काळ्या रानात तोच रॉक फॉस्फेट टाकला तर पैसे मातीत गेले म्हणायचे.

खानापूरकडं दक्षिणेला गेलं की पाषाण संपून धारवाडी जुने खडक लागतात. तिथल्या मातीची कीर्ती शेताबरोबर चाकावरही आहे. कौलं आणि मडकी यांसाठी खानापूरची चिकणमाती प्रसिद्ध, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मोठी संस्था तिथंच आहे. जी माती पाणी आत सोडत नाही ती कुंभाराला हवी आणि भाताच्या खाचराला हवी. गोकाककडं वालुकाश्माचं पठार. माती वीतभर, खाली खडक. मेंढरं चारायची, पावसानं साथ दिली तर थोडं पेरायचं. घटप्रभेच्या कालव्याखालच्या रानांची गोष्ट अर्थात वेगळी.

आता बेळगाव शहराला लागून असलेलं शिवार. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा. राजहंसगडाच्या पायथ्यापासून पसरलेला हा सखल भाग, मधून बळ्ळारी नाला वाहत मार्कंडेयला मिळतो. जिल्ह्यात मला सगळ्यात हुशार वाटणारी शेती इथली. काळी, जड माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, म्हणून भात. दिवाळीच्या सुमारास भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पुन्हा पाणी द्यायचं नाही. हिवाळ्यातलं दव आणि मातीतली ओल एवढ्यावर मसूर येतो, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी पुढच्या भातासाठी नत्र ठेवून जातात. एकाच मातीकडून पाणी धरायचं कामही करून घ्यायचं आणि साठवलेलं पाणी हळूहळू सोडायचं कामही.

बेळगाव बासमती ही याच शिवाराची. वास असा की एका घरात भात शिजला की गल्लीला कळायचं. पण ती उंच वाढते, लोळते, वेळ जास्त घेते आणि उतारा कमी देते, म्हणून इंटाणसारख्या वाणांनी तिला बाजूला सारलं. आता घरापुरती लावणारी मंडळी आहेत. बाजारात 'बेळगाव बासमती' म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक पोत्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या शिवारावर दोन संकटं आहेत. एक बळ्ळारी नाला: शहराचं सांडपाणी, गाळ आणि अतिक्रमण यांनी तो तुंबतो, आणि पावसाळ्यात रोपं आठ-आठ दिवस पाण्याखाली जातात. भाताला पाणी लागतं, बुडवलेलं चालत नाही. दुसरं हलगा-मच्छे बायपास. ज्या मातीतून वर्षाला दोन पिकं वेगळं पाणी न देता निघतात ती डांबराखाली घालायला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले. रस्ता कुठून न्यावा हा इंजिनिअरांचा विषय असेल. पण भरपाईच्या हिशेबात मसुराची ओल कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे खरं.

निपाणीकडं वळलं की वास बदलतो. वखारींच्या गल्ल्यांतून जाताना शिंक आली नाही तर तुम्ही निपाणीचेच. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या मधलं आणि आजूबाजूचं मध्यम ते खोल काळं रान बिडीच्या तंबाखूचं. देशात या तंबाखूचे मोठे मुलूख दोन: गुजरातेत आणंद-खेड्याचं चरोतर आणि आपली निपाणी. चरोतरची जमीन गोराडू, म्हणजे हलकी पोयट्याची, तिथं पाणी देऊन तंबाखू करतात. निपाणीत तो मातीतल्या ओलीवर येतो. त्यामुळं दोन्हीकडच्या पानाचा गुण निराळा, आणि बिडीवाले दोन्हींचं मिश्रण करतात.

बी इतकं बारीक की एका ग्रॅमात दहा हजारांच्या आसपास दाणे, राखेत मिसळून टाकल्याशिवाय वाफ्यावर सारखं पडत नाही. तरवा तयार झाला की ऑगस्टच्या आसपास लावण. पावसाळा सरता सरता झाड मूळ खाली सोडतं आणि मग थंडीभर काळ्या मातीनं धरलेली ओल पीत राहतं. शेंडा खुडायचा, फुटवे परत परत काढायचे, म्हणजे सगळा कस मोजक्या पानांत उतरतो. पान जाड होतं, चिकानं हात काळे पडतात. या पिकाला पाणी जास्त झालं तर पान मोठं आणि पातळ येतं, व्यापारी बोटानं दाबून बघतो आणि भाव पाडतो. ओल हवी, पण टंचाईची. मध्यम काळ्या रानाला हे बरोबर जमतं. खतासाठी मेंढरं रानात बसवायची जुनी रीत होती, अजूनही काही ठिकाणी आहे.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तंबाखू जळायला हवा. बिडी विझली तर ओढणारा ती फेकून देतो. पानात क्लोराइड वाढलं की पान नीट जळत नाही, पालाश असला की चांगलं जळतं. म्हणून विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर किंवा क्षार चढलेल्या रानात वाढलेला तंबाखू दिसायला कितीही झ्याक असो, वखारीत त्याचं पितळ उघडं पडतं. पोटॅशचं खतही क्लोराइडवालं नको, सल्फेटवालं लागतं. निपाणीच्या कृषी संशोधन केंद्रानं एनपीएन-१९०, वेदगंगा-१ अशी वाणं काढली ती इथल्या रानाचा हा स्वभाव धरूनच.

तंबाखूनं निपाणीला पैसा दिला आणि १९८१ चं आंदोलनही दिलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा भाव ठरवणारे व्यापारी मोजके होते आणि या मातीत जिराईत दुसरं इतकं पैशाचं पीक नव्हतं, म्हणून शेतकऱ्याला जागचं हलता येत नव्हतं. आज आहे. सोयाबीन आला, काळम्मावाडीच्या धरणामुळं दूधगंगेचं पाणी आलं आणि त्यामागून ऊस आला. तंबाखूचं क्षेत्र आकसलं. तंबाखू जावा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कर्करोगाचे वॉर्ड सगळ्यांनी पाहिलेत. पण त्याच्या जागी काय आलं तेही बघावं. कमी पाण्यावरच्या पिकाची जागा वर्षभर पाणी पिणाऱ्या पिकानं घेतली, आणि रान तेच राहिलं.

याचा शेवट कुठं होतो ते बघायचं तर कृष्णाकाठी जावं. रायबाग, कागवाड, अथणीचा नदीकाठ, आणि पलीकडं शिरोळ. मळीची रानं, खोल काळी, विंगेटच्या हिशेबानं नि:संशय सोळा आणे. काळ्या मातीतली चिकण पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. एकदा फुगली की पाणी खाली जायची वाट बंद. त्यात वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी. जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, उन्हानं पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. आधी उसाच्या सरीत पांढरी पापुद्र्याची रेघ दिसते. मग पानावर केवडा पडतो, कारण चुनखडीच्या रानात लोह मुळाला मिळत नाही. मग उतारा घसरतो. शेवटी सोडियम वाढून चोपण होतं, पाणी वर साचून राहतं, कुसळही उगवत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जिच्यासाठी सोयरीक जुळायची ती जमीन आज कुणी खंडानं घ्यायला तयार नाही. तिकडं दोन आण्यांच्या माळावर रताळ्याची पोती भरली जातात.

उपाय आहेत. जिप्सम घातलं की कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेलं सोडियम वाहून जायला वाट हवी, नाहीतर जिप्सम टाकून नुसतं समाधान. ती वाट म्हणजे जमिनीच्या पोटात सच्छिद्र नळ्या पुरणं. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकारानं पलीकडं असं काम मोठ्या प्रमाणावर झालं, अलीकडं उगार बुद्रुक परिसरातही नळ्या पुरल्या गेल्या.

२०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते. त्यावर बारा बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त वगैरे. चांगलीच गोष्ट आहे. चिकोडीच्या शेतकऱ्याला जस्त कमी आहे हे कळलं तर त्याचे युरियाचे पैसे वाचतील. पण नमुना वरच्या वीतभर मातीचा, आणि तोही बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक, जिराईतीत दहा हेक्टरांमागे एक. खोली किती, खाली मुरूम आहे की चिकण, पाणी मुरतं की तुंबतं, याचा रकाना नाही. क्षार तर खालून वर येतात. म्हणून ऊस लावायच्या आधी मे महिन्यात रानाच्या सखल कोपऱ्यात पावणेदोन हात खड्डा घ्यावा. तळाशी ओल लागली किंवा भिंतीवर पांढरे ठिपके दिसले तर त्या रानाला पाण्याआधी निचरा हवा.

आणि निचरा एकट्यादुकट्याला जमत नाही. माझ्या रानातली नळी शेजाऱ्याच्या बांधाखालून जाते, त्याची पुढच्याच्या, शेवटी सगळ्यांचं खारं पाणी ओढ्यात सोडायचं. त्यासाठी पन्नास-शंभर खातेदारांच्या सह्या लागतात. त्यातले काही पुण्यात, काहींचं वारसाचं प्रकरण कोर्टात, आणि ज्याचं रान चढावर आहे त्याला अजून पांढरी रेघ दिसलेली नसते, तो सही कशाला करेल? पुष्कळ गावांत काम अडलंय ते इथं.