रात्रपाळीच्या काळजीवाहकाला कोण शिकवणार?

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या ठाण्यात चोरी-मारामारीच्या प्रकरणात सोळा वर्षांचं पोरगं आणलं, की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'लहान आहे, उद्या सुटतंय' आणि 'टाका आत, डोकं ठिकाणावर येईल.' दोन्ही चुकीची आहेत. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती त्या मुलाशी रोज संबंध येणाऱ्या माणसांच्या मनातल्या समजांची. शिपाई, गाडीचा चालक, निरीक्षणगृहाचा काळजीवाहक यांच्या मनात जे पक्कं बसलेलं असतं, त्यावर त्या मुलाचे पुढचे काही दिवस ठरतात.

आधी 'आत' म्हणजे कुठे, ते बघू. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. जामीन मिळाला नाही तर निरीक्षणगृह, म्हणजे लोकांच्या तोंडचं रिमांड होम. चौकशी चालू असेपर्यंत राहण्याची ती जागा आहे, शिक्षा भोगण्याची नाही. मुंबईत १८८२ साली टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग पुढे मुलांचं निरीक्षणगृह झाला. भिंती तुरुंगाच्याच राहिल्या. आतल्या माणसांची नजर बदलली की नाही, हा प्रश्न डोंगरीत आहे तसाच नांदेड-लातुरातही आहे.

'सुटतंय' याचं उत्तर थोडक्यात. गुन्हा सिद्ध झाला तर मंडळ मुलाला सुधारणेसाठी तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात ठेवू शकतं. सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर खटला बाल न्यायालयाकडेही जाऊ शकतो. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, त्यावरून राज्यभर संताप उसळला. पुढे त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदा ठरवून त्याला सोडलं. या सगळ्या गदारोळात निरीक्षणगृहात मुलांशी कोण बोलतं, काय बोलतं, हे विचारणारे फार थोडे होते.

आता मुद्द्याचा गैरसमज. 'मुलांच्या मनाचं बघायला समुपदेशक आहेत ना!' केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत संस्थेला समुपदेशक धरले आहेत. त्या जागा भरलेल्या असल्या तरी ते संध्याकाळी घरी जातात. रात्री दोन वाजता रडणारं, घामाघूम होऊन उठणारं मूल दिसतं ते काळजीवाहकाला. परदेशांतल्या कोठडीतल्या मुलांवरचे अभ्यास सिना फझेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एकत्र तपासले, तेव्हा सुमारे ११ टक्के मुलगे आणि २९ टक्के मुली तीव्र नैराश्यात आढळल्या. प्रशिक्षणाची पहिली गरज म्हणूनच रात्रपाळीला आहे. प्रत्यक्षात शिबिराला अधीक्षक जातात, परिविक्षा अधिकारी जातात. काळजीवाहक आणि पहारेकरी कामावरच राहतात, कारण त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नसतं.

'नाटक करतंय' हा समज तर जिवावर बेतू शकतो, आणि धर्माबादच्या बाबतीत तो नीट समजून घ्यायला हवा. तालुक्याची हद्द ओलांडली की निजामाबादचा मुलूख लागतो. तेलंगणातल्या शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट यांची भेसळ वारंवार पकडली गेली आहे. २०१५ साली तिथे या भेसळीवर कारवाई झाली तेव्हा सवय लागलेली माणसं हात कापत, बरळत, झटके येत सरकारी दवाखान्यांत भरती झाली. अशीच शिंदी पिणारा मुलगा ताब्यात आला, तर एक-दोन दिवसांत त्याचे हात कापू लागतील, झोप उडेल, नसलेली माणसं दिसू लागतील, फिटही येईल. हे नाटक नाही, अंगावर उठलेली औषधाची सवय आहे. दरडावून ती थांबत नाही. त्याला डॉक्टरकडेच न्यावं लागतं, कारण ही औषधं एकदम तोडणंच धोक्याचं असतं. ताब्यात घेतल्यावर पहिल्याच तासात शिपायाने शांतपणे एवढं विचारावं : 'बाळा, काय काय घेतोस? शेवटचं कधी घेतलंस?' व्यसन लागलेल्या मुलाला उपचारासाठी योग्य ठिकाणी हलवण्याचा अधिकार बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९३ ने मंडळाला दिलेलाच आहे.

'आत्महत्येचं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल.' ही भीती चांगल्या मनाच्या माणसांनाही असते. पण थेट विचारल्याने धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट बोलता आल्याने मुलाला हलकं वाटतं. आडवळणाने 'काही टेन्शन आहे का' म्हटलं तर उत्तर 'नाही' हेच येणार. शेजारी बसून, आवाज खाली ठेवून विचारायचं : 'जगणं नकोसं झालंय का रे? मरावं असं मनात येतं का?' उत्तर 'हो' आलं तर उपदेश करायचा नाही, मुलाला एकटं सोडायचं नाही, अधीक्षकांना आणि डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं. सकाळची वाट पाहायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो. सगळ्यात फसवं असतं ते गप्प मूल. ते भांडत नाही, ताटातलं तसंच ठेवतं, भेटीला कुणी आलं नाही तरी विचारत नाही. नोंदवहीत त्याच्यापुढे 'वर्तन चांगले' असं लिहिलं जातं.

मारण्याबद्दल वाद घालायचं कारणच नाही. कलम ८२ नुसार संस्थेतल्या मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारणं हा गुन्हा आहे. एकट्याला खोलीत कोंडणं संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांनी निषिद्ध ठरवलं, आणि त्याच नियमांत कर्मचाऱ्यांना बालमानसशास्त्र शिकवावं असंही सांगितलं आहे.

'झालं की प्रशिक्षण मागच्या वर्षी!' एका दिवसाचं भाषण आणि प्रमाणपत्र पुरत नाही. कंत्राटी माणसं बदलत राहतात. विशेष बाल पोलीस पथकातल्यांची बदली होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ च्या संपूर्णा बेहुरा निकालात रिक्त जागांवर आणि प्रशिक्षणावर बोट ठेवलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम बालसंरक्षणातल्या माणसांना शिकवण्यासाठीच आहे. नांदेडात विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागातला एक डॉक्टर दर महिन्याला दोन तास, तेही रात्रपाळी सुरू होण्याआधी, निरीक्षणगृहात बसला आणि त्या महिन्यातलाच एखादा प्रसंग सगळ्यांकडून करून घेतला, तरी पुष्कळ होईल. धर्माबादकडचं पोर घरात तेलुगू बोलणारं असेल, तर रडताना, घाबरल्यावर ते तेलुगूतच बोलेल. ती भाषा समजणारा काळजीवाहक कोणत्या पाळीला आहे, हे मुलाला दाखल करून घेतानाच पाहायला हवं. शिवाय पाळी बदलताना तोंडी निरोप पुरत नाही. 'रात्री झोपला नाही, दोनदा आईचं नाव घेतलं, जेवला नाही, सकाळी डॉक्टरांना दाखवा' एवढं वहीत लिहून पुढच्या माणसाची सही घ्यावी.