थंडीच्या रात्री वीज गेली तर?

काशीच्या संकठा घाटावर पौषात धुके उतरले की समोरची गंगाही दिसेनाशी होते. घाटामागे संकठादेवीचे मंदिर, अरुंद गल्ल्या आणि उंच घरे. खालच्या खोल्यांत ऊन क्वचितच पोहोचते. पेशवेकाळापासून मराठी कुटुंबे राहत आलेल्या जवळच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडेही हीच थंडी. पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो.

या दिवसांत वीज जाते त्याला धुकेही कारण असते. तारांच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर साचलेली धूळ धुक्याने ओली झाली की त्यावरून वीज झिरपते आणि लाइन बंद पडते. म्हणून उत्तरेत अनेक ठिकाणी पॉलिमरचे इन्सुलेटर बसवले गेले.

हीटर बंद पडला की सिगडी आठवते आणि खरा धोका तिथेच असतो. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्याला तीही कळत नाहीत. असे झाल्यास माणसाला आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

त्यापेक्षा तयारी आधीच करावी. दुपारी रजया गच्चीवर उन्हात टाकाव्यात. विजेवाचून पंप चालत नाही, म्हणून पाणी संध्याकाळीच भरावे. थर्मासमध्ये गरम पाणी, रबरी पिशवी आणि टॉर्च ठरलेल्या जागी असावेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी अधूनमधून पाहावे. सिगडी पेटवलीच, तर खिडकी उघडी ठेवावी आणि अंथरुणावर पडण्यापूर्वी ती घराबाहेर काढावी.