राणीबागेच्या झाडांचा धनी कोण?

भायखळ्याच्या राणीबागेत सुट्टीच्या दिवशी लोटणारी गर्दी पेंग्विन आणि वाघ पाहायला येते. मुलांना पेंग्विनचा रस्ता पाठ असतो. गोरखचिंच कुठे आहे ते विचारले तर मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. या जागेचा इतिहास मात्र उलट्या क्रमाचा आहे. इथे बाग आधी आली आणि जनावरे मागून. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने १८६२ साली ही वनस्पतींची बाग लोकांसाठी खुली केली. जॉर्ज बर्डवूड आणि भाऊ दाजी लाड यांची नावे त्या काळाशी जोडलेली आहेत. पुढे १८७३ मध्ये संस्था मोडकळीला आली तेव्हा बाग नगरपालिकेकडे गेली. १८९० मध्ये आणखी सुमारे १५ एकर जमीन जोडून तिथे प्राणिसंग्रहालय आले. म्हणजे अठ्ठावीस वर्षे ही निव्वळ बाग होती. आज तिथे तीन हजारांच्या आसपास झाडे आणि पावणेतीनशेहून अधिक जाती आहेत असे सांगितले जाते. गिरगाव-परळच्या दाटीत एवढा वनस्पतिसंग्रह एका कुंपणाआड टिकून आहे, हीच मुळात मोठी गोष्ट आहे. म्हणून या लेखातले म्हणणे एवढेच, की अशा ठिकाणी बागेचा प्रमुख हा जनावरांच्या घरांना हिरवी झालर लावणारा माणूस ठरता कामा नये. नवा पिंजरा, नवी वाट, नवी जलवाहिनी, कशाचाही नकाशा पक्का होण्याआधी त्यावर त्याची सही हवी आणि त्या सहीत काम थांबवण्याची ताकद हवी.

त्याचे काम बाहेरून दिसते त्याहून फार वेगळे आहे. हिरवळ कापणे, कुंड्या रंगवणे, पाचोळा गोळा करणे हा त्याचा अगदी वरचा थर. आतला थर समजायला उर्वशीचे झाड घ्यावे. हे मूळचे ब्रह्मदेशाचे. १८२० च्या दशकात नॅथॅनियल वॉलिच यांनी ते एका मठाच्या बागेत पाहिले आणि लेडी अ‍ॅमहर्स्ट व त्यांच्या मुलीच्या नावावरून त्याला अ‍ॅमहर्स्टिया म्हटले. रानात ते जवळजवळ सापडत नाही. त्याची कोवळी पालवी तांबूस, मऊ, झुबक्याने खाली लोंबते. फुलांचे लालबुंद घोस लांब देठांवर उलटे झुलतात. एवढ्या देखण्या झाडाला बी मात्र क्वचितच धरते, त्यामुळे ते वाढवायचे तर गुटी बांधावी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला साधारण पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडायची, तिच्यावरची इंचभर साल गोलाकार सोलून काढायची, खालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडायचा, भिजवलेले शेवाळ भोवती थापून प्लास्टिक गुंडाळायचे आणि दोन्ही टोके सुतळीने आवळायची. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरत असते. साल तोडली की ते वरच्या कडेला साचते आणि तिथेच मुळे फुटतात. खरवडणे कमी पडले तर दोन्ही कडा पुन्हा सांधतात आणि महिनाभराने हाती फक्त ओले शेवाळ राहते. किती खरवडायचे हे सुरी धरलेल्या बोटांनाच कळते. ज्या माळ्याने शंभर गुट्या बांधल्या, त्यातल्या निम्म्या वाया गेलेल्या पाहिल्या, त्याच्याकडेच ते असते.

सालीचे हेच शास्त्र कुंपणापलीकडे जीवघेणे होते. चितळ आणि सांबर शिंगावरची मखमल उतरवायला बुंध्याला शिंगे घासतात, उन्हाळ्यात चारा रुक्ष झाला की साल ओरबाडून खातात. बुंध्याभोवती सालीचा पूर्ण वेढा निघाला तर मुळांना अन्न पोचत नाही. मुळे मरतात, आणि वरची पाने काही काळ हिरवी राहिल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय खुरांनी माती दगडासारखी दाबली जाते, पाणी मुरत नाही, आणि मुताने एकाच जागी खारटपणा साचतो. म्हणून आवारातले प्रत्येक मोठे झाड बागप्रमुखाला स्वतंत्रपणे वाचवावे लागते. कुठे बुंध्याभोवती जाळी, कुठे मोठ्या दगडांची रास, कुठे हलका झटका देणारी तार, कुठे खायला घालायची जागाच दर काही आठवड्यांनी सरकवणे. जाळी घट्ट बांधली तर बुंधा जाड होताना तीच सालीत रुतते, म्हणून ती दरवर्षी सैल करायची. वाघाच्या आवारात धोका निराळा. खंदकावर आलेली एक आडवी फांदी म्हणजे वाघाला तयार पूल. पावसाआधीची छाटणी तिथे शोभेसाठी होत नसते.

जनावरांच्या ताटाशीही या माणसाचा थेट संबंध आहे. हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा सहज संपवतो आणि त्याला नुसता कडबा पुरत नाही. वड, पिंपळ, उंबर, फणस यांच्या डहाळ्या मोडणे, साल सोलणे, चघळणे यात त्याचा दिवस जातो, आणि असा उद्योग नसला तर तो जागच्या जागी डुलत राहतो. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात कोआलांसाठी निलगिरी आणि पांडांसाठी बांबू तिथल्याच बागकाम विभागाने लावला, कारण असला ताजा पाला रोज बाजारातून मिळत नाही. पण ज्या हाताने पाला द्यायचा त्याच हाताने विषही रोखायचे असते. कण्हेर हृदयावर चालते, घाणेरी गुराढोरांचे यकृत बिघडवते, सुबाभूळ थोडी दिली तर चारा आणि फार दिली तर केस गळवणारी. डहाळ्यांच्या मोळीत कण्हेरीचा एक फाटा चुकून आला तर दोष कुणाचा, हे ठरवण्याची वेळच येऊ नये, म्हणून मोळी सोडून पाहणारा जाणता माणूस लागतो. फवारणीचेही तेच. पिठ्या ढेकणांनी मुंबईतले कित्येक विलायती शिरीष वाळवले; इतर उद्यानांत त्यावर औषध मारता येते, पण खाली नीलगाय चरत असेल तर तो रस्ता बंद. मग भक्षक भुंगेरे सोडणे, पाण्याचा जोरदार फवारा, मुंग्यांची वाट अडवणे असे सावकाश उपाय उरतात, आणि त्यांना माणसे लागतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. प्राणिसंग्रहालय प्राण्यांसाठी असते, लोक तिकीट जनावरांचे काढतात, मग झाडांच्या माणसाला एवढा अधिकार कशाला? उत्तर सिएटलच्या वुडलँड पार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मिळाले. तिथे गोरिलांना फरशीच्या खोलीतून काढून खऱ्या झाडाझुडपांत सोडायचे ठरले, तेव्हा गोरिला झाडांवरून पडतील, झाडांची वाताहत करतील अशी भीती बोलून दाखवली गेली. आराखडा मात्र भूदृश्य रचनाकारांनी आखला होता, झाडे आधी आणि भिंती नंतर. गोरिला त्यात रमले आणि जगभरच्या संग्रहालयांनी ती पद्धत उचलली. जनावराला सावली, आडोसा, चघळायला डहाळी आणि लोकांच्या नजरेआड जायची सोय हवी असते, आणि यातले बहुतेक सगळे वनस्पतीच देते. तेव्हा झाडांचा माणूस बाजूला काढला तर तोटा जनावराचाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राणीबागेतले जुने पिंजरे क्रूर होते, ते पाडून मोकळी आवारे बांधणे गरजेचेच होते. बागप्रमुखाला नकाराधिकार दिला असता तर प्रत्येक जुन्या झाडापायी वाघ आणि अस्वले लोखंडी गजांआडच राहिली असती. यात तथ्य आहे. सगळी झाडे सारखी मोलाची नसतात, आणि मोडकळीला आलेल्या गुलमोहरासाठी जिवंत जनावराला कोंडून ठेवणे योग्य नाही. पण २००७ च्या सुमारास चारशे कोटींच्या वरचा नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला तेव्हा हा निवाडा बागेच्या आतून झाला नाही. नागरिक रस्त्यावर उतरले, वारसा समितीकडे गेले, झाडांची नोंद स्वतः केली, आणि मग आराखडा बदलला. जे काम एका अधिकाऱ्याच्या सहीने पहिल्याच बैठकीत व्हायला हवे ते वर्षानुवर्षांच्या आंदोलनाने झाले. कृष्णवड कुठे आहे, त्याची मुळे किती लांब गेली आहेत, त्यापासून किती अंतरावर खणायचे, हे त्या बैठकीत सांगणारा माणूस अधिकारासह बसलेला असता तर वाघाचे आवारही लवकर झाले असते.

झाड हलवून दुसरीकडे लावू, ही पळवाट प्रत्येक फाइलीत असते. आरेत मेट्रोसाठी हलवलेल्या झाडांपैकी बरीचशी वठली, हे मुंबईने पाहिले आहे. जुन्या झाडाची पाणी आणि क्षार शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. यंत्राने उचललेल्या मातीच्या गोळ्यात त्यांचा फार थोडा भाग येतो. आणि हलवायची वेळ ठेकेदाराच्या वेळापत्रकाने ठरते, पावसाने नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला सांगितले, पण वाटांवर फरशी बसवण्याची हौस सगळ्याच शहरांत तशीच आहे, कारण फरशीचे मोजमाप होते आणि मोकळ्या मातीचे होत नाही. बागेच्या कामाची निविदा सर्वात कमी दराला जाते. तिच्यात हिरवळीचे चौरस मीटर असतात, गुटी बांधण्याचा रकाना नसतो. अधिकारी बदलीवर येतो, दोन-तीन पावसाळ्यांत थोडे शिकतो आणि जातो. जुना माळी निवृत्त झाला की त्याच्या जागी कंत्राटी मजूर येतो. तो कष्टाळू असतो, पण पुढच्या वर्षी तो इथे असेलच असे नाही, मग त्याला उर्वशीच्या सालीची जाडी कोण शिकवणार आणि का? म्हणून सहीच्या अधिकाराबरोबर आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात: बागप्रमुखाची नेमणूक किमान दहा वर्षांसाठी, आणि प्रत्येक दुर्मीळ जातीमागे कायम नोकरीतला एक माळी, ज्याच्या हाताखाली निवृत्तीच्या पाच वर्षे आधीपासून दुसरा माणूस काम करत असेल. यासाठी लागणारा पैसा एका नव्या प्रदर्शन कक्षाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. अडते ते आस्थापना विभागाच्या मंजूर पदांच्या यादीत, जिथे माळी हा अकुशल कामगारांच्या शेजारी बसवला जातो.