एक इंची फळी पाऊण इंच का भरते?



कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि घरातल्या एखाद्या रंधा मारलेल्या फळीची जाडी मोजा. सुतार जिला ‘एक इंची फळी’ म्हणतात, ती पाऊण इंचाच्या आसपास भरेल. मग पाव इंच लाकूड गेलं कुठं?

हे समजायला आधी ‘सूत’ माहीत हवं. सूत म्हणजे इथं दोरा नव्हे, सुताराचं बारीक माप. १ इंच म्हणजे ८ सूत. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पुस्तकात आपण सेंटिमीटर शिकतो, पण सुताराच्या तोंडी अजून इंच आणि सूतच आहे. १ सूत साधारण ३ मिलिमीटरचं.

आता गणित करू. ६ इंच जाडीचं चौरस लाकूड आहे. त्याच्या ६ फळ्या पाडायच्या. त्यासाठी करवत ५ वेळा चालवावी लागते. करवतीचं पातं जिथून जातं तिथलं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. एका वेळेला १ सूत गेलं असं धरू. ६ इंच म्हणजे ४८ सूत, त्यातून ५ वजा, उरलं ४३ सूत. त्याला ६ ने भागलं की प्रत्येक फळीला ७ सूत आणि वर थोडंसं येतं. म्हणजे रंधा लागायच्या आधीच एक इंची फळी ७ सुतांवर आली! पुढं दोन्ही अंगांनी रंधा मारला, अर्धं अर्धं सूत साल निघाली, की उरलं ६ सूत. ६ सूत म्हणजेच पाऊण इंच.

शिवाय लाकूड वाळतं. ओलं कापलेलं लाकूड वाळताना रुंदीला आणि जाडीला आटतं, लांबीला मात्र जवळजवळ नाहीच. आपल्या माणदेशात ऊन कडक आणि हवा कोरडी. ओली बाभूळ किंवा ओला लिंब घाईनं कापून बसवला तर तो आटतो, पिळतो, आणि मग दार एका कोपऱ्यात घासतं. साग त्या मानानं कमी हलतो, म्हणून महाग असला तरी लोक घेतात.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या भिंतींचा सांगाडा लाकडाचा असतो. त्यासाठी ‘दोन बाय चार’ नावाचा तुकडा विकतात. मोजला तर तो दीड बाय साडेतीन इंच! पूर्वी तो १ इंच ५ सूत बाय ३ इंच ५ सूत असायचा. १९७० च्या तिथल्या मानकात माप आणखी उतरलं, नाव तेच राहिलं. आणि त्यांची एक इंची फळी? तीही पाऊण इंच. पण वाळवून, रंधून किती उरलंच पाहिजे हे तिथं लिहून ठरवलेलं आहे. आपल्याकडं सगळं तोंडी चालतं, आणि भांडण तिथंच लागतं.

विटेचंही असंच आहे, पण कारण वेगळं. भारतीय मानकाची वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटर असते, नावानं ती २० × १० × १० ची. तो एक सेंटिमीटर मालाच्या सांध्यासाठी सोडलेला असतो.

आता पालकांच्या कामाचं. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. समजा ‘चार बाय अडीच’ची चौकट करायची आहे. दोन उभ्या बाजू ७-७ फुटांच्या, वरची गणेशपट्टी ४ फुटांची, उंबरा दगडी. एकूण १८ फूट. ४ × २½ × १८ म्हणजे १८०, भागिले १४४, उत्तर सव्वा घनफूट. पैसे तेवढ्याचे. रंधा मारून चौकट पावणेचार बाय सव्वादोन उरली, तर तेच गणित १ घनफुटाच्या जरासं वर येतं. शंभर रुपयांच्या लाकडातलं पंधरा-सोळा रुपयांचं खाली पडलं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. कापलेलं लाकूड मुळातच पावणेचार भरत असेल आणि बिल चारचं लावलं, तर ती फसवणूक.

दाराच्या मापातही हाच घोळ होतो. चौकट बाहेरून ३६ इंच असेल आणि प्रत्येक बाजू अडीच इंच धरली, तर आत ३१ इंच राहतात. खरी बाजू सव्वादोन असल्यानं आत साडेएकतीस भरतात. (खाच दोन्ही हिशोबांत सारखीच, म्हणून ती सोडून दिली आहे.) नावाच्या मापावर दार आधीच करून ठेवलं तर ४ सूत फट राहणार. तेवढ्यातून वारा येतो, धूळ येते, आणि विंचूही येतो! म्हणून जाणते मेस्त्री चौकट उभी केल्यावर टेप लावूनच दाराचं माप घेतात.

तेव्हा लाकूड वखारीतच मोजावं, रंध्याच्या आधी, दोन्ही टोकांना आणि मधे. मेस्त्रींना विचारावं, “चार बाय अडीच हे रंध्याआधीचं की नंतरचं?” नंतरचं हवं असेल तर लाकूड सव्वाचार बाय पावणेतीन घ्यावं लागेल. १८ फुटांचे घनफूट किती होतात ते वहीत करून पाहा. उत्तर दीडच्या जरा आत आलं पाहिजे.