सत्तर युनिटांची मर्यादा

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली घेणाऱ्या विद्यार्थ्याचे जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट (श्रेयांक) पदवीसाठी धरले जातात. वर्षाचे क्वार्टर पाडणाऱ्या कॉलेजांत हाच आकडा १०५ होतो, कारण दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्यासाठी मात्र किमान ६० सेमिस्टर युनिट हवेत. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती सैल जागा उरते ती दहा युनिटांची, दोन-तीन विषयांची.

राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचा मोठा भार कम्युनिटी कॉलेजांकडे सोपवला. ७० ची मर्यादा याच वाटणीला धरून आहे. या विद्यापीठाच्या बर्कले आवाराची पदवी १२० सेमिस्टर युनिटांची असते. त्यातले ७० बाहेरून आले, तरी उरलेले ५० म्हणजे जवळपास दोन वर्षांचे काम विद्यापीठातच करावे लागते.

कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधील काउन्सेलरचे निम्मे काम बेरीज-वजाबाकीचे असते. समोर ट्रान्सक्रिप्ट आणि पडद्यावर ‘असिस्ट’ हे संकेतस्थळ. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय विद्यापीठ मान्य करते, ते त्यावर पाहायचे. विषय मान्य असला तरी त्याचे सगळे युनिट मिळतातच असे नाही. कॉलेज अल्जिब्रा आणि प्रीकॅल्क्युलस यांसारख्या विषयांचा बराच भाग सारखा असतो, म्हणून दोन्ही घेणाऱ्याला अनेकदा एकाचेच युनिट मिळतात. व्यायाम व खेळांच्या तासांना एकूण ४ युनिटांची मर्यादा आहे. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गांना ८. ही शेवटची मर्यादा सर्वांत जास्त स्थलांतरितांना जाचते, कारण त्यांची सुरुवातच या वर्गांपासून होते.

या गाळणीतून उतरल्यावर बेरीज होते आणि काउन्सेलर पुन्हा त्याच आकड्यावर येतो: ७०. समजा, अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या एखाद्या मुलीने ८४ युनिट केले. गणिताची सुरुवात खालच्या पायरीवरून झाली, एकदा शाखा बदलली, की इतके युनिट सहज होतात. वरच्या १४ युनिटांसाठी तिला ‘सब्जेक्ट क्रेडिट’ मिळते. भौतिकशास्त्राची अट पूर्ण झाली असेल तर ती पूर्णच राहते, तो विषय पुन्हा करावा लागत नाही. पण पदवीच्या १२० मध्ये ते १४ युनिट चढत नाहीत. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे ६४४ डॉलर. रक्कम सोसण्याजोगी आहे. एक अख्खे सेमिस्टर गेले, त्याचा आकडा मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. विद्यापीठाच्या भाषेत यात विद्यार्थ्याचे काही बुडालेले नसते. काम सांभाळून कॉलेजात रात्रीचे वर्ग करणाऱ्याला हे पटवणे सोपे नाही.

शाळेत असताना दिलेल्या एपी, आयबी किंवा ए-लेव्हल परीक्षांचे युनिट या मर्यादेत मोजत नाहीत. ते वेगळे मिळतात. ज्यांच्या शाळेत असे वर्ग भरपूर, त्यांचा हा फायदा. विद्यापीठाच्याच एखाद्या आवारात पूर्वी केलेले युनिटही ७० च्या बाहेर राहतात, पण ते एकूण बेरजेत मिळवले जातात. ती बेरीज फार वाढली, तर काही विभाग ‘युनिट जास्त झाले’ या कारणाने प्रवेशच नाकारू शकतात. इतर चार वर्षांच्या संस्थांतील पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे विषय मात्र ७० मध्येच मोडतात.

क्युपर्टिनो, फ्रीमाँटकडच्या मराठी घरांतून कधी पुण्या-मुंबईत एखादे वर्ष शिकलेला विद्यार्थी काउन्सेलरच्या टेबलाशी येतो. त्या गुणपत्रिकेला कॉलेजने दिलेली मान्यता विद्यापीठावर बंधनकारक नसते. मूळ कागद मागवून विद्यापीठ स्वतः तपासते. भारतातही आता असाच हिशेब आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात.

कॅलिफोर्नियात काउन्सेलरचा सल्ला बहुधा पहिल्याच सेमिस्टरला मिळायला हवा असतो: शाखा ठरेपर्यंत थोडे विषय घ्या, आणि जे घ्याल ते ‘असिस्ट’वर आधी पाहून घ्या. विद्यार्थी येतात ते बहुतेक अर्जाच्या मोसमात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तोवर युनिट घेऊन झालेले असतात.