ठिणगीचा मुहूर्त

बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येस लाँगब्रिज येथे जो विस्तीर्ण कारखाना होता, त्याच्या ऑस्टिन ए-३० या लहानशा गाडीबरोबर १९५१ साली जे चार सिलिंडरांचे इंजिन जगापुढे आले आणि १९५९ साली मिनीच्या पुढल्या भागात आडवे बसून कीर्तीस चढले, त्या ए-सीरीज इंजिनाचा अधिकृत इतिहास कोणत्याही संग्रहालयाच्या पाटीवर वाचावयास मिळतो. संपादकांनी मला धाडले होते ते मिनीसाठी. माझे मन मात्र गुंतले ते त्या इंजिनाच्या कुशीतल्या, ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या, मुठीत मावेल एवढ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये.

ठिणगी पडल्याक्षणी दाब कळसास पोहोचत नाही. ज्योत पसरण्यास थोडा अवधी लागतो, म्हणून पिस्टन माथ्याशी येण्यापूर्वीच काही अंश ठिणगी पाडावी लागते. मिनिटास ३००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, ६००० फेऱ्यांना ३६ अंश. तेव्हा वेग वाढला की टायमिंग पुढे घेणे प्राप्तच. परंतु ते वेगाच्या प्रमाणात वाढत जात नाही, कारण वेगाबरोबर सिलिंडरातील वायूची खळबळ वाढते आणि ज्योतही त्वरा करते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असता मिश्रण विरळ असते आणि सावकाश जळते. तेव्हा ठिणगी आणखी आधी हवी.

लूकस कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरने या दोन्ही गरजा कशा भागविल्या, हे पाहिले की आदर वाटतो. वेगाबरोबर बाहेर फाकणारी दोन वजने कॅमला त्याच्या फिरण्याच्या दिशेने पुढे सरकवीत, तर मॅनिफोल्डमधील निर्वाताने ओढला जाणारा पडदा ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांची तबकडी उलट दिशेस फिरवी. पॉइंट जेथे उघडत, तेथे दोहोंची बेरीज आपोआप झालेली असे. पोलादाने केलेली ही बेरीज कोणी लिहीत नव्हते, कोणी वाचतही नव्हते.

नव्वदीच्या दशकात रोव्हरची मेम्स नावाची नियंत्रणप्रणाली मिनीवर आली, तेव्हा डिस्ट्रिब्युटर राहिला पण त्यातली वजने आणि पडदा गेला, ठिणगी वाटून देणे एवढेच काम त्याच्याकडे उरले. १९९६ नंतरच्या मिनीत तोही नाहीसा झाला. आज जुन्या मिनीचे शौकीन तिच्या क्रँकच्या पुलीवर छत्तीस दातांपैकी एक काढलेले चक्र बसवितात, भंगारातील फोर्ड एस्कॉर्टचा ठिणगी पाडणारा इडीस मॉड्यूल जोडतात आणि त्यावर अंमल चालविण्यासाठी मेगाजोल्ट नावाची छोटी पेटी, जिच्यात वेग आणि भार यांचे दहा बाय दहा घरांचे कोष्टक असते.

मिडलंड्समधल्या ज्या कार्यशाळेत मी हे काम पाहिले, तेथील वयस्क कारागीर कोष्टकाला हात लावण्यापूर्वी टायमिंग दिवा हाती घेत असे. संगणकाच्या पडद्यावर कोन १० अंशांवर जखडून तो पुलीच्या खुणेवर प्रकाश पाडी. खूण दहावर दिसली, आणि इंजिन गरजत असतानाही तेथून ढळली नाही, तरच पुढील काम. पडदा दहा म्हणतो आणि पुली चौदा, तर त्यापुढची प्रत्येक बेरीज चार अंशांनी खोटी, हे तो मला पुनःपुन्हा बजावीत होता. त्याची ही सावधगिरी मला सर्व तंत्रज्ञानाहून मोलाची वाटली.

याहून मोठ्या प्रोग्रामेबल प्रणालींत त्या मूळ कोष्टकातील आकड्यावर, मामलेदार कचेरीतल्या एकाच अर्जावर निरनिराळ्या खात्यांचे शेरे पडत जावेत, तसे फेरफार होत जातात. इंजिन थंड असेल तर काही अंश अधिक, आत येणारी हवा तापली असेल तर काही वजा, ठोकण्याचा आवाज टिपला गेला तर तत्काळ आणखी वजावट. आणि शेवटी कमाल-किमान मर्यादेची कात्री. काही हुकूम मात्र बेरजेत येतच नाहीत, ते सारी बेरीज रद्द करून आपला आकडा बसवितात: स्टार्टर फिरत असतानाचा ठरीव कोन, शर्यतीच्या प्रारंभी वेग रोखून धरणारा कोन. कोणता फेरफार मिळविला जातो आणि कोणता जागा घेतो, हे जाणल्यावाचून कोष्टकाला हात लावणे मला धोक्याचे वाटते.

कारण हे शेरे एकमेकांविषयी अनभिज्ञ असतात. इंजिन संथ चालत असता वेग घसरला की प्रणाली काही अंश वाढवून त्याला सावरते, वेग चढला की घटविते. त्यासाठी मूळ कोन मुद्दाम उत्तम कोनाहून कमी ठेवावा लागतो, म्हणजे वर जाण्यास वाव राहतो. परंतु सकाळच्या गारठ्यात थंडीच्या फेरफाराने तो वाव आधीच खाऊन टाकलेला असतो, आणि वेग सावरणारा हात रिकामा पडतो. गाडी रहदारीत तिष्ठत राहिली की मॅनिफोल्डजवळचा हवेचा सेन्सर इंजिनाच्याच उष्णतेने तापतो. बाहेर नोव्हेंबरचे धुके असताना तो ग्रीष्माची वर्दी देतो आणि विनाकारण अंश कापले जातात. कोष्टकच तापलेल्या हवेत बसविले गेले असेल, तर तीच वजावट दोनदा होते. पेट्रोलही बदलले: जुनी वजने ज्या शिसेयुक्त पेट्रोलासाठी तोलली होती त्याची सर्रास विक्री ब्रिटनमध्ये १९९९च्या अखेरीस थांबली, आणि २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते.

यांहून हट्टी अडचण इंजिनाच्या घडणीतच आहे. हवा आत घेण्याची द्वारे चार सिलिंडरांना मिळून दोनच, पहिल्या-दुसऱ्यास एक आणि तिसऱ्या-चौथ्यास एक. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असल्याने प्रत्येक जोडीत आतला सिलिंडर आधी श्वास घेतो आणि बाहेरचा लगोलग त्याच्या पाठोपाठ. चौघांस सारखे मिश्रण मिळत नाही, म्हणून चौघांचा उत्तम कोनही एक नव्हे. कोष्टकातील घर मात्र चौघांना एकच. तरीही एक सुदैवी योग आहे. जोडीने ठिणगी पाडणाऱ्या कॉइली पहिल्या-चौथ्यास आणि दुसऱ्या-तिसऱ्यास बांधलेल्या असतात, म्हणजे नेमक्या बाहेरच्या आणि आतल्या; दोन्ही कॉइलींना वेगळा कोन देता आला तर कॅमशाफ्टवर सेन्सर न बसविताही ही विषमता काही अंशी भरून काढता येईल. फोर्डचा मॉड्यूल एकच कोन स्वीकारतो, त्यामुळे त्या गाडीत ही मुभा नव्हती. पुढच्या गाडीसाठी कारागिराने दोन स्वतंत्र कॉइली चालविणारी पेटी मागविली होती. बाहेरच्या जोडीस अंश द्यावयाचे की तिच्याकडून घ्यावयाचे, हे रोलिंग रोडवर चारही प्लग काढून पाहिल्याखेरीज ठरविण्यास तो तयार नव्हता.