संगणकाची जुळणी

दुकानातून तयार संगणक आणावा, की सुटे भाग आणून तो घरीच जुळवावा, हा विचार आजकाल पुष्कळ घरांत होतो. संगणक खेळासाठी हवा असेल तर तो विशेषच होतो; कारण तयार संगणकात खेळाच्या उपयोगाचा भाग पुष्कळदा दुबळा असतो, आणि पेटी बाहेरून पाहून ते कोणासही कळत नाही. स्वतः भाग निवडणाऱ्यास आपला पैसा कोठे गेला हे ठाऊक असते. परंतु या मार्गात एक धोका आहे. प्रोसेसर, त्यावरचा पंखा, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे आठ भाग घ्यावे लागतात. त्यांतील एक जरी बाकीच्यांशी न जुळणारा निघाला, तर उरलेले सात टेबलावर नुसते पडून राहतात, आणि घरच्यांनी महिनोन्‌महिने साठविलेली रक्कम त्यांत अडकून बसते.

निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग मुळात एकमेकांत बसतात तरी कसे? याचे श्रेय १९८१ सालच्या एका संगणकाकडे जाते. त्या वर्षी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने आपला ‘पर्सनल काँप्यूटर’ विक्रीस आणला. त्याचा प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता. आत जादा पट्ट्या बसविण्यासाठी पाच खाचा ठेवलेल्या होत्या, आणि त्याच्या विद्युत्‌-मंडलांचे आराखडेही कंपनीने छापून प्रसिद्ध केले होते. ते पाहून इतरांना त्यास जुळणारे भाग करता येऊ लागले. पुढे १९९५ साली इंटेलने मदरबोर्डाचा आकार व स्क्रूंच्या जागा ठरवून देणारे एटीएक्स हे माप प्रसिद्ध केले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एका दुकानातून कॅबिनेट व शेजारच्या दुकानातून मदरबोर्ड घेता येतो, तो या मापांच्या बळावर.

पुष्कळ मुले दुकानात जाताच प्रोसेसरचे नाव विचारतात. त्याआधी पडदा कोणता व खेळ कोणते, हे ठरले पाहिजे. सामान्य पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू झाले. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदास ६० चित्रे काढावयाची म्हटली, तर प्रत्येक सेकंदाला १२,४४,१६,००० बिंदू रंगवावे लागतात! ज्या पडद्यास ‘फोर-के’ म्हणतात, त्यावर हे काम बरोबर चौपट होते. मोठा पडदा घेऊन त्यास लहान ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

हे काम दोघांत कसे वाटलेले असते, ते पाहण्यासारखे आहे. अंगणात मोठी रांगोळी घालावयाची असली म्हणजे एक जाणती बाई कोठे काय काढावयाचे ते ठरविते, आणि पुष्कळ मुली रंग भरीत जातात. क्रिकेटच्या खेळात चेंडूचा टप्पा कोठे पडला, क्षेत्ररक्षक कोणत्या दिशेने धावला, हा हिशेब प्रोसेसर करतो. तो त्या जाणत्या बाईच्या जागी. मैदानावरील गवत, खेळाडूंच्या सावल्या, प्रेक्षकांची गर्दी हे सारे रंगविणे ग्राफिक्स कार्डाकडे असते. त्याच्या आत हजारो लहान गणकघटक एकाच वेळी काम करीत असतात. आता समजा, प्रोसेसर सेकंदास ७० चित्रांचा हिशेब करू शकतो आणि कार्ड १४० चित्रे रंगवू शकते. पडद्यावर येणार ७० च. उरलेल्या शक्तीसाठी मोजलेले पैसे फुकट गेले. आणि पडदाच सेकंदास ६० चित्रे दाखविणारा असेल, तर त्या ७० पैकीही १० वाया जातात. म्हणून खेळाच्या संगणकात सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर करावा हे खरे असले, तरी त्यास साजेसा प्रोसेसर आणि पडदा असावयास हवा.

जुळणीचे नियम मात्र काटेकोर आहेत. प्रोसेसर मदरबोर्डावरील ज्या चौकोनात बसतो त्यास सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या २०१६ सालच्या एएम-४ सॉकेटात प्रोसेसरच्या पोटाशी १,३३१ बारीक सुया असत. २०२२ साली आलेल्या एएम-५ मध्ये १,७१८ स्पर्शबिंदू असून ते मदरबोर्डाच्या बाजूस आहेत. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसणे शक्य नाही. त्याहून फसवी गोष्ट २०१७ साली घडली. इंटेलचे त्या वर्षीचे नवे प्रोसेसर जुन्याच नावाच्या सॉकेटात व्यवस्थित बसत, परंतु जुन्या मदरबोर्डावर ते चालावयाचे नाहीत असे कंपनीनेच ठरविले होते. तेव्हा नुसते सॉकेटाचे नाव जुळून भागत नाही. मदरबोर्ड करणाऱ्या कंपनीने दिलेल्या यादीत आपला प्रोसेसर आहे की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत.

रॅमचेही तसेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांवर २८८ स्पर्शबिंदू असतात, पण मधली खाच किंचित सरकविलेली असते. पट्टी सहज बसत नसेल तर ती चुकीची किंवा उलटी आहे असे समजावे. जोर करू नये. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ जीबीच्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. भाव मात्र चढउताराचे असतात. २०२१ साली ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ व महाग झाली होती. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भराभर चढल्या. अशा वेळी खरेदी थोडी लांबणीवर टाकणे किंवा बेत लहान करणे हेच शहाणपणाचे.

काटकसर करण्याचा मोह ज्या भागावर सर्वांत अधिक होतो, तो म्हणजे एसएमपीएस. तो खेळात दिसत नाही, त्याची कोणी स्तुती करीत नाही. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टची करून देणे, हे त्याचे काम. हलक्या प्रतीचा एसएमपीएस बिघडला म्हणजे स्वतःबरोबर महागडे भागही जाळून टाकू शकतो. त्याचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसरला ९० वॅट, ग्राफिक्स कार्डाला १६५ आणि बाकी सर्वांना मिळून ५० वॅट लागत असतील, तर बेरीज ३०५ होते. कार्ड क्षणभर याहून बरीच अधिक वीज ओढते, म्हणून ५०० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. मोठा घेतला म्हणून वीजबिल वाढेल अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे, कारण जितकी मागणी तितकीच वीज घेतली जाते. घेतलेल्या विजेपैकी शेकडा ८५ भाग उपयोगी पडत असेल, तर ३०५ वॅटसाठी भिंतीतून सुमारे ३५९ वॅट घ्यावे लागतील, आणि दोन तासांच्या खेळास पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज लागेल. उरलेल्या भागाची उष्णता होते.

उष्णतेचा विचार आपल्याकडे अधिकच करावयास हवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पंखा कितीही मोठा असला तरी खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसरला थंड करू शकत नाही. आणि प्रोसेसर फार तापला म्हणजे तो स्वतःच आपला वेग कमी करतो. यासाठी पुढून जाळी असलेले, पुढून हवा आत घेऊन मागून बाहेर टाकणारे कॅबिनेट निवडावे. समोर सबंध काच असलेले कॅबिनेट दुकानात मोहक दिसते खरे. पण हवा यावी कोठून? कार्डाची लांबी व पंख्याची उंची कॅबिनेटात मावते का, हेही मिलिमीटरांत पाहून घ्यावे.

जुळणीला एक दुपार पुरते. अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास हात लावतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटावरील त्रिकोणासमोर आणून तो अलगद ठेवतात. त्यावर वाटाण्याएवढे मलम लावून पंखा बसवितात. पडद्याची तार मदरबोर्डास न जोडता ग्राफिक्स कार्डास जोडावयाची असते. येथे चुकलेली माणसे पुष्कळ आढळतात. मग बटण दाबले जाते. पंखे फिरू लागतात, पण पडदा काळाच राहतो. डीडीआर-५ रॅमची ओळख करून घेण्यास मदरबोर्डाला पहिल्या वेळी काही मिनिटेही लागतात, हे ठाऊक नसलेले घाबरून वीज बंद करतात. ठाऊक असलेले हात मागे घेऊन थांबतात. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात, आणि त्यांत १६ जीबी हा आकडा आला आहे का, हे वाचण्यासाठी घरातील सगळी मंडळी एकदम पुढे वाकतात.